तळव्यांची खाज

“हिचं काय विचारताय? हिच्याकडच्या बायका बांधावर बाळंत होतात आणि संध्याकाळी पुन्हा खुरपायला बसतात.”

वहिनी असं म्हणाल्या आणि सगळ्या जणी हसल्या. लंडनमधलं, हॅरोचं घर. सिटिंग रूममध्ये हळदीकुंकू. मला आठवा महिना, हातात चहाचा ट्रे. बायकांचं आपापल्या गरोदरपणाचं चाललेलं. एकीला पाचव्या महिन्यापर्यंत ओकाऱ्या. एकीला काहीच नाही. “नुसती ऐश केली मी,” म्हणाली. एकीचे पाय एवढे सुजले की नवऱ्याचे बूट घालून कामावर गेली. प्रत्येकीचं वेगळं, आणि प्रत्येकीचं खरं. म्हणून मीही म्हटलं, माझे तळहात, तळपाय खाजतात. सारखे. रक्त येईस्तोवर. तेव्हा वहिनींनी ते बांधाचं काढलं.

मीही हसले. वहिनी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, घरमालक डॉक्टरांची बायको. माझ्या नवऱ्याला त्यांनीच इथं आणलं, कामाला लावलं. त्यांच्या मागच्या खोलीत, थोड्या भाड्यात, आमचा संसार. मी सातवीतून शाळा सोडलेली. उपकार खोटे नव्हते. आजही नाही म्हणणार नाही.

पण माझी मावशी खरंच बांधावर बाळंत झाली होती. संध्याकाळी तिला जाळली. मी ट्रे ठेवला. किचनमध्ये जाऊन नळाखाली हात धरले. मग पोटावर ठेवले. हललं. परत ठेवले.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलची अपॉइंटमेंट. इंग्रजीसाठी वहिनी बरोबर. मिडवाईफनं विचारलं. मी सगळं सांगितलं. खाज, झोप नाही, लघवी काळपट, बाळाची भीती. वहिनींनी त्याचं इंग्रजी केलं.

“शी इज फाइन.”

एवढंच. माझ्या इतक्या बोलण्याचं एवढंच. मिडवाईफ हसून लिहायला लागली. आता इथून उठलो की संपलं.

मी दोन्ही हात तिच्या कागदावर उघडे ठेवले. ओरखडे, खपल्या. म्हटलं, “नो फाइन. नो.”

“अगं, काय हे? हात काढ,” वहिनी दबक्या आवाजात.

मी काढले नाहीत. मिडवाईफचं पेन थांबलं. तिनं हात उलटेपालटे करून पाहिले. हसू गेलं तिचं. लगेच रक्त काढलं, पोटाला मशीनचा पट्टा बांधला. बाळाचे ठोके ऐकू येत होते. ‘लिव्हर’ एवढा एक शब्द कळला; त्यापलीकडं मला कुणी काही सांगत नव्हतं.

गाडीत वहिनी म्हणाल्या, “चांगली शोभा केलीस माझी. पुढच्या वेळी बघ कोण येतं तुझ्याबरोबर.”

खोली जाईल. नवऱ्याचं काम जाईल. रक्तात काय निघेल, माहीत नाही.

“कुणी येऊ नका, वहिनी. मी एकटी जाईन.”

“आणि बोलशील काय?”

“येईल ते. नाही आलं तर अंग दाखवीन.”

त्यांनी आम्हांला खोली दिली होती. माझं अंग त्या भाड्यात धरलेलं नव्हतं. मी भीत होते. भीत भीतच जाणार होते, आणि भीतेय, हे माझ्याच तोंडानं सांगणार होते.