राहिलेल्या मुठी

यशोदाबाईने सुपातल्या गव्हात हात घातला आणि तो तिथेच थांबला.

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. शिरपूरजवळच्या त्या गावात कानबाई, खानदेशातली कुळाची देवी, बसायची होती आणि रोटाचे गहू काढायला सगळी भाऊबंदकी ओसरीवर जमली होती. धुळ्याची, जळगावची, सुरतेला कामाला गेलेलीसुद्धा. या कुळाची रीत अशी, की घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपल्यात टाकायचे. त्या पिठाचे रोट, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. ते कुळाबाहेर कुणाला द्यायचे नाहीत आणि पुनवेच्या आत संपवायचे. नावं घेण्याचा मान थोरल्या सुनेचा.

आणि यशोदाबाई तो मान कसा मिरवायची! पदर खोचलेला, मान ताठ, आवाज असा, की गल्लीच्या टोकाला गिरणीवाल्याला कळावं आता कोणाची मूठ पडली. पणजोबाच्या शाखेपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एक नाव मागे-पुढे नाही. चुलीवरचं टाकून बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. अशा वेळी ती ओसरी ओसरी राहायची नाही, रंगमंच व्हायची.

त्या दिवशी मात्र नटाचं वाक्य हरवावं तसं झालं. समोर खांबाला टेकून तिचा धाकटा दीर बसला होता. आता जळगावात मेहरूणला बंगला बांधून राहणारा. पण ती लग्न होऊन आली तेव्हा त्याचं नाक तिनेच पुसलेलं. हा लहानपणी बैलामागे पळताना पडला, हनुवटीला टाके पडले, सगळं तिला आठवत होतं. फक्त नाव येईना. जिभेपाशी येई आणि माघारी फिरे. तेवढ्यात छातीतून एक झळ उठली, मानेवरून कानशिलापर्यंत चढली, चोळी घामाने भिजली. घाबरून तिने पुढचंच नाव घेतलं.

"वैनी," दीर म्हणाला, "मन्हं नाव ऱ्हायनं."

त्याची बायको रूपा नवऱ्याचं नाव घेत नसे. ती नुसतीच हातवारे करू लागली. शेवटी चुलतसासू प्रमिलाबाईने तोंड उघडलं. "अभिमन त्याचं नाव. जित्त्या माणसाचं नाव सोडलं, तेबी देवीच्या कामात. हाई काय चांगलं लक्षण शे?"

गहू परत सुपात ओतले, पहिल्यापासून मुठी घातल्या. अभिमन हसला, "वैनी, आता मी भूत झालो समजा." पण रूपाने घरी गेल्यावर आठवडाभर त्याला मोटारसायकल चालवू दिली नाही. आणि भाऊबंदकीने ठरवून टाकलं, की पुढच्या वर्षी मूठ रूपाची.

यशोदाबाईला हे तोंडावर कोणी सांगितलं नाही. नवरा, बन्सीलाल, जेवताना ताटाकडे बघत बोलला. "तुले बी आराम पडी."

तिने त्याला भाजी वाढली आणि आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मूठ गेली याचं दुःख होतंच, पण भीती त्याहून मोठी होती. गेले काही महिने डाळ करपत होती. एकदा मोबाइल पिठाच्या डब्यात सापडला. खोलीत शिरावं आणि कशाला आलो ते आठवू नये. रात्रभर झोप नाही. तिच्या आईने म्हातारपणी लेकीलाच विचारलं होतं, बाई, तू कोणाची? तोच डोह आपल्याही पायाशी आला, असं तिला वाटे.

लेक पुनम तिला शिरपूरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी डोक्याबद्दल ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळी कशी आहे?"

"तिचा काय संबंध? ती आता येते, नाही येत. जायलाच लागली."

"तिचाच संबंध असेल." रक्त तपासून झालं, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह ठीक निघालं. मग बाई समजावत बसल्या. पाळी जायच्या वर्षांत अंगातले हार्मोन वरखाली होतात. त्यात नावं, शब्द अडकतात, लक्ष टिकत नाही. घामाने झोप मोडते, त्याने आणखी भर पडते. पुष्कळ बायांना होतं आणि बहुतेकींचं पुढे सावरतं. "ओळखीचा रस्ता चुकायला लागलात, रोजची कामं जमेनाशी झाली, तर लगेच या. पण हे तुमच्या आईचं दुखणं दिसत नाही."

"मग हे मला आजवर कोणी सांगितलं का नाही?"

"सासूबाईंनी सांगितलं होतं?"

यशोदाबाईला सासू आठवली. ऐन थंडीत अंगणात पदराने वारा घेत बसलेली. घरात सगळे तिला भ्रमिष्ट म्हणायचे.

येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. पुनमला वाटलं, आई खचली. आई तापत होती, आणि ही झळ पाळीची नव्हती.

यंदाचा श्रावण आला. ओसरी पुन्हा भरली. सूप पुढ्यात घेऊन रूपा बसली होती, तोंड उतरलेलं. यशोदाबाई आतून आली, पदर खोचलेला.

"उठ रूपा."

रूपा इतक्या लवकर उठली की सूप सांडता सांडता राहिलं. "बसा अक्का. माझ्या पोटात सकाळपासून गोळा आलाय."

"पुन्हा इसरशी," प्रमिलाबाई म्हणाली.

"इसरसू. पाळी जाते आहे माझी. त्यात नावं अडकतात."

पुरुषांनी पटापटा मोबाइल काढले. बन्सीलाल खोकला.

"खोकू नका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता मी सांगते. एक अभिमन राहिला तर वर्षभर भाऊबंदकी बोलली. या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या बाया इतक्या पिढ्या राहिल्या, दळलं त्यांनी, भाजलं त्यांनी, त्यांच्या नावाची मूठ कधी पडली नाही. तेव्हा कोणाचं डोकं गेलं होतं?"

तिने सुपात हात घातला आणि नावं सुरू केली. तोच आवाज. मध्ये एका ठिकाणी अडली. अभिमनच्या ओठावर नाव आलं होतं, पण तिने हात वर केला. "थांबा. येतंय." अख्खी ओसरी थांबली. घाम कानशिलावरून ओघळला, तिने तो पुसला नाही. नाव आलं. मूठ पडली.

शेवटच्या पोराची मूठ पडली तरी तिने सूप बाजूला सारलं नाही. "प्रमिला," ती म्हणाली.

ते नाव असं उघड्यावर कोणी घेतल्याला कितीक वर्षं झाली होती. म्हातारीने पदर सावरला. आता ही भांडते, असं सगळ्यांना वाटलं.

"सव्वा टाक," प्रमिलाबाई म्हणाली. "वरचा पाव सोडू नको. आणि माले बी व्हयेल व्हतं ते. कोणाला सांगू?"

मग रूपा, पुनम, सगळ्या सासरवाशिणी, लेकी. सर्वांत शेवटी "यशोदा", आणि ती मूठ तिने जरा भरूनच घेतली.

रोट दुपटीने झाले. कुळाबाहेर द्यायचे नाहीत आणि पुनव तर जवळ आलेली. तीनदा जेवून चौथ्यांदा ताटावर बसलेल्या बन्सीलालने केविलवाणं विचारलं, "आखो कितला रोट शेतस?"

"बठ्ठ्या बायास्ना शेतस," यशोदाबाई म्हणाली आणि आणखी एक वाढला. "खा."