सीटखाली मावेल एवढंच

गुरुवारी दुपारी इटलीतल्या मोदेनाच्या बागेत रोमानियाच्या बाया जमतात. सगळ्या म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या, आठवड्याची सुट्टी तेवढीच. त्यांच्यातली कुणी गावाला निघाली की बाकीच्या म्हणत, "सामानाचं सावेताला विचार गं."

सावेता चार दिवसांसाठी जावो की चौदा, तिची राखाडी बॅग एकच. विमानात पायाशी, सीटखाली सरकवायची. ब्लाउज गुंडाळलेले, मोजे बुटांच्या पोटात, जाड स्वेटर अंगावर. पेत्रोनेला नावाची एक ऐसपैस बाई दोन सुटकेसा ओढत गावाला जायची. तिला सावेता म्हणायची, "गावाला चाललीस की घर बदलतेस?" सगळ्या खो खो हसायच्या. सावेताला ते हसणं फार गोड लागायचं, आणि हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं थोडंफार त्या हसण्यापायीच झालं.

ही कला काही ती आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती. वीस वर्षांपूर्वी प्रुनेनी गावातून निघाली तेव्हा आईने, अग्लायाने, चौकटीची मोठी पिशवी ठासून भरून दिली होती. आलुबुखाराच्या मुरंब्याच्या बरण्या, मुरवलेल्या मिरच्या, मेंढीच्या लोकरीची चादर. दोन दिवस मिनीबसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन सावेता पोचली, तर पहिल्याच घरच्या सुनेने दारात नाक मुरडलं. "हे सगळं ठेवणार कुठे?" खोली म्हणून मिळाली होती ती कपड्यांना इस्त्री करायची. बरण्या गॅलरीत राहिल्या, थंडीत एक फुटली, आणि मुरंबा पुसता पुसता सावेताने कानाला खडा लावला. त्यानंतर आई काहीही द्यायला लागली, अक्रोड असो की चीज, उत्तर ठरलेलं. "आई, बॅगेत जागा नाही."

या कामाची रीतही तशीच आहे म्हणा. म्हातारं माणूस श्वास घेतंय तोवर ते घर आपलं. ते गेलं, चर्च झालं, माती झाली, की दोन दिवसांत मुलं किल्ली मागतात. सावेताने अशी नऊ घरं सोडली, तीही पंधरा-पंधरा मिनिटांत. पहिला म्हातारा गेला तेव्हा तिच्याकडे काळं काही नव्हतं. पोपटी स्वेटर घालून ती चर्चमध्ये शेवटच्या बाकाशी उभी राहिली, आणि पुढचे लोक वळून वळून बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी तिने बाजारातून काळा झगा घेतला, सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाचा, आणि चपटे काळे बूट. ते बॅगेच्या तळाशी जाऊन बसले. पुढे चार वर्षांपूर्वी ती इनेसबाईंच्या घरी लागली. इनेसबाई एक्क्याण्णव वर्षांच्या, मरायचं नाव काढत नाहीत. तिथे सावेताला पहिल्यांदा स्वतःचं कपाट मिळालं, आणि काळा झगा बॅगेतून निघून कपाटात लटकला. हे कपाटाचं तेवढं ध्यानात असू द्या.

मार्चमध्ये भावाचा, नेकुलायचा, फोन आला. "सावेते, आईच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवस काढले तर खूप. डोळाभेट हवी असेल तर ये."

इनेसबाईंच्या मुलाने सहा दिवसांची रजा दिली. विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं. सावेताने बॅग पलंगावर उघडली, आणि तिच्याशेजारी निळा गाऊन ठेवला.

या गाऊनची हकीकत अशी, की वीस वर्षांत अग्लायाने मुलीकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. जे पाठवशील ते चांगलंच, एवढंच म्हणायची. हिवाळ्याच्या तोंडाला मात्र फोनवर चाचरत म्हणाली होती, "टपालवाल्या बाईच्या मुलीने तिच्या आईला एक गाऊन पाठवलाय. मऊ, लांब, पुढे चेन असलेला. तिकडे मिळतो म्हणे. निळा दिसला तर बघ. बटणं लावायला आता बोटं ऐकत नाहीत माझी." सावेताने दुसऱ्याच गुरुवारी घेतला. ईस्टरला घेऊन जाऊ म्हणून ठेवून दिला.

आता तो बॅगेत घातला तर बॅग अर्धी भरली. राहिलेल्या जागेत तिचे कपडे, औषधं, वर द्यायला कॉफी आणि चॉकलेट. झालं, भरली. मग तिने कपाट उघडलं.

सहा दिवस. त्या सहा दिवसांत आई गेली तर काळं हवंच. इटलीहून आलेली मुलगी आईच्या मातीला शेजारणीचा झगा मागून घालणार? आणि गाऊनचं काय, मरणाच्या दारातली बाई चेन लावणार का? विचार अगदी व्यवहाराचा होता, हिशेबात कुठे चूक नव्हती. तिने गाऊन बाहेर काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. झगा गुंडाळून तळाशी घातला, कडेला बूट बसवले. चेन सुर्रकन लागली.

थोडे युरो जास्त भरले की वर ठेवायची मोठी बॅग नेता येते, हे आपल्या ध्यानातच आलं नाही, असं तिने नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण आलं होतं. तिकीट काढताना तो प्रश्न समोर आलाच होता आणि तिचं बोट 'नको'वर गेलं होतं. सवय म्हणावी, तर नुसती सवय नव्हे. सावेता मोठी बॅग घेऊन गावाला गेली, हे बागेत कळलं असतं तर पेत्रोनेलाने वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं असतं.

नेकुलायने तिला दुसऱ्या दिवशी दुपारी घराच्या फाटकाशी उतरवलं आणि म्हणाला, "आत जा, तुला गंमत दिसेल," आणि गुरांकडे निघून गेला. सावेता आत शिरली, तर आई उशांना टेकून बसलेली. हातात दूध-मामालिगेचा, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचा, वाडगा. आणि शेजारच्या फ्रसिनाला झापत होती, कोंबड्यांना एवढा मका टाकतात का म्हणून. इंजेक्शनं लागू पडली होती.

"आलीस?" अग्लाया म्हणाली. "तुला बघून वाटलं, मी गेलेच की काय."

सावेता तिच्या गळ्यात पडून रडली. ते रडणं खरं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. आई पाठीवर थोपटत राहिली, आणि मग हळूच, फ्रसिनाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "गाऊन आणलास?"

"नाही गं आई." सावेताने डोळे पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. "निळा मिळालाच नाही."

"राहू दे. आता काही घाई नाही."

सावेता हात धुवायला अंगणात गेली. पाच मिनिटं गेली असतील नसतील. पण परदेशाहून आलेल्या बॅगेवर शेजारणीचा हक्क असतो, निदान प्रुनेनीत तरी असतो, आणि फ्रसिना आपला हक्क कधी सोडत नसे. सावेता परत आली तेव्हा कॉफी टेबलावर होती, चॉकलेट फ्रसिनाच्या गालात होतं, आणि काळा झगा दाराच्या खिळ्याला टांगलेला होता. बरोबर आईच्या पलंगासमोर. खाली बूट जोडून ठेवलेले.

"कापड झकास आहे हं," फ्रसिना झग्यावरून हात फिरवत म्हणाली. "एक सुरकुती नाही. बूटसुद्धा आणलेत जोडीला. मुलगी असावी तर अशी, सगळं कसं वेळेवर."

धरणी दुभंगली असती तर सावेता विचार न करता आत उतरली असती. आईकडे बघायची हिंमत होईना, आणि न बघणंही जमेना.

"ते माझं कामाचं आहे, मावशी," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांत असते ना मी. केव्हा कुणाचं काय होईल सांगता येत नाही. नेहमी बॅगेतच असतं ते."

अग्लायाचा चमचा वाडग्यात थांबला होता. तिने झग्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"असतं," ती म्हणाली. "तिची बॅग मला ठाऊक नाही होय? फ्रसिने, तिथे टांगू नकोस ते, चुलीचा धूर बसेल. आणि ते चॉकलेट मला ठेवशील की नाही एखादं?"

विषय तिथेच मिटला. आपण सुटलो, असं सावेताला वाटायला हवं होतं. पण सुटल्यासारखं काही वाटेना.

पुढचे चार दिवस रोज सकाळी ती आईला उठवून बसवायची आणि तिच्या जुन्या तपकिरी स्वेटरची बटणं लावायची. सात बटणं, त्यातली दोन वेगळ्या रंगाची. आई हात वर करून लहान पोरीसारखी बसायची.

"इनेसबाईंची पण अशीच लावतेस?"

"लावते."

"त्यांच्याकडे चेनचं असेल नाही?"

"आहे एक," सावेता म्हणायची, आणि पुढचं बटण तिच्या हातून निसटायचं. दुसऱ्याच्या आईला वर्षाचे अकरा महिने चेनचा गाऊन घालणारी ती, आणि स्वतःच्या आईचा खुर्चीवर टाकून आली. हे तिला दिवसातून सात वेळा, सात बटणांना, आठवायचं. कुणाला सांगणार? खाई त्याला खवखवे.

पाचव्या दिवशी दुपारी अग्लाया म्हणाली, "पेटी उघड आणि माझं गाठोडं काढ. सामानातली तू जाणकार. काही राहिलंय का बघ."

कोणतं गाठोडं हे सावेताला विचारावं लागलं नाही. प्रुनेनीत साठी उलटलेल्या प्रत्येक बाईच्या पेटीत ते असतं. पांढऱ्या कापडात बांधलेलं, शेवटच्या प्रवासाचं. तिने पलंगावर सोडलं. भरतकामाचा ब्लाउज, काळा घागरा, डोक्याचा रुमाल, मोजे, कंगवा, मेणबत्ती. बूट एक माप मोठे, कारण तेव्हा पाय सुजतात. आणि रुमालाच्या टोकात गाठ मारलेली नाणी, वर जाताना वाटेत जी जकातनाकी लागतात म्हणतात, तिथे द्यायला.

"मापात आहे ना?" अग्लाया म्हणाली. "हे पण सीटखाली मावेल."

सावेता कसंबसं हसली.

"आता तुझा झगा आण. यावर ठेव. बूट पण."

"आई—"

"उगाच आणायचा-न्यायचा कशाला? इथेच लागणार आहे."

"आई, सांगितलं ना, तो नेहमीच माझ्या—"

"सावेते," अग्लाया म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मागच्या ईस्टरला तुझ्या बॅगेची चेन उसवली होती. सगळी रिकामी करून मीच शिवली ती. आत काय होतं आणि काय नव्हतं, ते मला माहीत आहे. फ्रसिनासमोर बोलले ते बोलले. तिच्या तोंडी तुला द्यायची नव्हती मला."

म्हणजे त्या दिवशी आईला कळलं होतं. खिळ्याला टांगलेलं स्वतःचं मरण समोर दिसत असताना या बाईने आधी मुलीची लाज झाकली होती. आणि गेले चार दिवस गुपचूप हात वर करून बटणं लावून घेत होती. सावेताला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती, त्या पोपटी स्वेटरातसुद्धा नाही. तिला वाटलं, आता लपवून काय मिळवायचं आहे?

"गाऊन घेतला होता, आई," ती गाठोड्याकडे बघत म्हणाली. "निळाच. कधीचा घेतलाय. निघताना बॅगेत घातला आणि परत काढला. दोन्ही मावत नव्हते."

स्वेटरच्या खालच्या बटणाशी अग्लायाची बोटं चाळा करत राहिली.

"मऊ आहे?"

"आहे."

"चेन पुढे?"

"पुढेच. गळ्यापर्यंत."

"तुझं चुकलं असं नाही म्हणत मी," अग्लाया शेवटी म्हणाली. "डॉक्टरनेच सांगितलं होतं. तुझ्या जागी मी असते तर मीही झगा घेतला असता." तिने बटण सोडलं. "पण मी मोठी पिशवी घेतली असती."

सावेताने झगा आणला. गुंडाळला नाही, नीट घडी घातली, आणि आईच्या घागऱ्यावर ठेवला. वर बूट. गाठोडं बांधताना पांढरं कापड अपुरं पडलं, म्हणून नेकुलायच्या बायकोकडून एक मोठी चादर मागून आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. कॉफी गेली, चॉकलेट गेलं, झगा पेटीत. बॅग मधोमध बसल्यासारखी पडली होती. मिनीबसवाला दर शनिवारी मोदेनाहून निघतो, गाऊन त्याच्याकडे देईन, असं ती आईला दोनदा सांगून झाली होती. आईने दोन्ही वेळा "बरं" म्हटलं होतं.

सावेता बॅगेसमोर थोडा वेळ तशीच उकिडवी बसली. मग म्हणाली, "आई, अक्रोड देतेस थोडे?"

अग्लायाने पलंगावरून बॅगेकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"बॅगेत जागा आहे?"

"आहे."

अग्लायाने नेकुलायला हाक मारून माळ्यावरचं पोतं खाली काढायला सांगितलं. सावेताने मान वर न करता दोन्ही हातांनी बॅगेचं तोंड उघडून धरलं.