निळं झाकण

दिवाकरराव ठवकरांना देवानं कान दिले ते इंजिनाचं ऐकायला, माणसांचं ऐकायला नव्हे, असं त्यांची बायको वनमालाबाई म्हणायची. आणि खोटं काय त्यात? रायपूरला रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. सोळा सिलिंडरचं धूड धडधडत उभं असलं की हे नुसते बाजूनं चालत जायचे आणि सांगायचे, "सात नंबर गेला बे." खोलून पाहावं तर सातच नंबर. साहेब लोक गेज बघायचे, हे आवाज ऐकायचे. "गेज खोटं बोलते, आवाज नाई बोलत," हे त्यांचं ब्रीद. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी ते ब्रीद काही सुटलं नव्हतं.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी पार हवालदिल झाला. वनमालाबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आपली एक द्यायला हे बाह्या सरसावून गेले, तर डॉक्टरांनी यांचीच शुगर काढून दाखवली आणि म्हणाले, काका, तुमची चालणार नाही. मुलगा सुशील पुण्याला नोकरीत. त्याचीही जुळली नाही. मग उरलं ते डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकात चार-चार तास. सुई दुसऱ्यानं टोचायची, मशीन दुसऱ्यानं चालवायची, औषधं सुशीलनं पुण्याहून पाठवायची. दिवाकररावांच्या वाट्याला एकच काम आलं. तेलीबांध्याच्या घरून बायकोला गाडीनं न्यायचं आणि आणायचं. सुशीलनं आपली मोठी डिझेल गाडी त्यासाठीच तर रायपुरात ठेवली होती.

पण ते एक काम त्यांनी असं धरलं की विचारू नका. पहाटे उठून गाडी पुसायची, सीट मागं पाडायची, कमरेखाली उशी ठेवायची. कुठला स्पीडब्रेकर कुठल्या बाजूनं घेतला म्हणजे दचका बसत नाही, हे सगळं पाठ. शेजाऱ्यांनी म्हटलं की काका, एखादा ड्रायव्हर ठेवा, तर हे अंगावर जायचे. "ड्रायव्हर ठेवू? मंग मी काय करू, टाळ्या वाजवू?"

मार्चअखेर गाडीत स्टेअरिंगमागं एक पिवळा दिवा लागला. पंपावर डिझेल भरताना दाखवलं तर तिथला माणूस म्हणाला, "अंकलजी, यूरिया खतम हो रहा है. वो नीला ढक्कन है ना, उसी में डलता है. धुआँ साफ करता है."

युरिया! अहो, या घरात त्या शब्दाचीच धास्ती. दर महिन्याचा रिपोर्ट आला की आधी नजर तिथंच जायची, युरिया किती आला? बायकोच्या रक्तातला युरिया उपसायला आठवड्याला बारा तास मशीन लागतं, आणि हा लेकाचा म्हणतो बादलीभर विकत घ्या! दिवाकररावांचं डोकंच सणकलं. "नहीं चाहिए," म्हणाले आणि गाडी काढून चालते झाले.

घरी येऊन त्यांनी डिझेल भरायच्या तोंडावरचा पत्रा उघडला. डिझेलच्या झाकणाशेजारी खरंच एक निळं झाकण. आत पाण्यासारखं काहीतरी, जरासा झोंबणारा वास. झालं, मन थेट शेडमध्ये गेलं. तिथं इंजिन थंड ठेवायच्या पाण्यात गंज धरू नये म्हणून औषध कालवलेलं असायचं. पातळी उतरली की वरून साधं स्वच्छ पाणी ओतायचं, औषध नव्यानं घालायचं काम नाही. शेडमध्ये नवा पोट्टा भरती झाला की पहिल्या दिवशी हेच शिकायचा, "पाणी उडते, दवाई राहते." इथं तरी वेगळं काय असणार? खात्री म्हणून त्यांनी भिलाईला नत्थूला फोन लावला. नत्थू म्हणजे शेडमधला तीस वर्षांचा जोडीदार. "हव, पाणीच टाक," नत्थू म्हणाला. "कंपनीवाले लुटून राहिले लोकाइले." दोन महापंडितांचं एकमत झालं, आता कोण काय बोलणार!

वनमालाबाई तेवढ्या बोलल्या. "अवो, सुशीलले एक फोन तर करा."

"त्या पोट्ट्याले काय विचारू? इंजिनं त्यानं खोलली का मी?"

"गाडी तर त्याची हाय ना."

हे बरोबर वर्मी लागलं. दिवाकरराव तडक शंकर नगरला गेले, बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणले आणि निळ्या झाकणातून सावकाश आत सोडले. दिवा विझला. "पाह्य, झाला का नाई बंद?" म्हणत त्यांनी आल्याचा चहा मागून घेतला आणि वर आणखी अर्धा कप घेतला.

चौथ्या दिवशी दिवा परत आला, आणि या वेळी लाल. खाली इंग्रजीत दोन ओळी. त्यांनी चष्मा लावून एकेक शब्द जुळवला. टाकीतला द्रव चुकीचा आहे, दोनशे किलोमीटरनंतर इंजिन चालू होणार नाही. दिवाकररावांनी बोनेट उघडून कान लावला. इंजिन कसं सुरेल! एक ठोका इकडचा तिकडे नाही. गेज खोटं बोलते, त्यांनी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर ते मनातून घाबरले होते. पण सुशीलला सांगावं तर तो गाडीच काढून घेईल, ही भीती त्याहून मोठी. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. वनमालाबाई तर सीटवर आडव्या पडून डोळे मिटून घ्यायच्या, त्यांना कुठं दिसतंय?

एका फेरीला पंधरा किलोमीटर. दोनशेचे एकशे पंच्याऐंशी झाले, मग एकशे सत्तर. महिनाभर आकडा उतरत गेला आणि दिवाकरराव रोज इंजिनाला कान लावत राहिले. इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं हो! जे झालं होतं ते धुराच्या नळीकडे, आणि तिथलं काही कानाला ऐकू येत नाही. हे त्यांना कोण सांगणार?

मेमधला शुक्रवार. सकाळी क्लिनिकच्या दारात गाडी लावली तेव्हा आकडा शून्यावर आला होता. इंजिन बंद करताना त्यांचा अंगठा थबकला. पण चार तास गाडी धडधडत ठेवणार कशी? केलं बंद.

दुपारी आयानं वनमालाबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. चेहरा पिवळा, पट्टी बांधलेला हात छातीशी धरलेला. दिवाकररावांनी त्यांना नीट बसवलं, उशी सरकवली आणि बटण दाबलं. टुणटुण वाजलं, बस. परत दाबलं, परत टुणटुण. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन. त्यांनी बोनेट उघडलं तर वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, हात घालायला जागा नाही. सवयीनं कान लावला. पण बंद इंजिनाचं ऐकायचं काय? आजारी इंजिनं त्यांनी हजार पाहिली होती. धडधाकट असून 'नाही' म्हणणारं जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी तो चौतीस वर्षांचा फिटर भर रस्त्यात गाडीला विनवू लागला, "चाल ना बाप्पा, एकडाव चाल. घरापर्यंत चाल, मंग मरनं असन तं मर." वनमालाबाई काचेतून बघत होत्या.

ऑटो करावा लागला. प्रत्येक खड्ड्याला वनमालाबाई कण्हायच्या. तेलीबांधा येईतो दोनदा उलटी झाली. दिवाकररावांनी त्यांना धरून ठेवलं, तोंड पुसलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. ऑटोतच त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

शनिवारी गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं साक्षी नावाची मुलगी गाड्यांच्या तक्रारी उतरवून घ्यायची. घरची मराठी, समजायचं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. तिनं निळ्या झाकणातला एक थेंब काढून छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रात बघितला.

"अंकल, इसमें पानी डाला था क्या?"

"नाई," दिवाकरराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते इंजिनाबद्दल खोटं बोलले. मग त्यांनाच राहवेना. "डिस्टिल्ड टाकलं होतं, बेटा. पाणी उडते, दवाई राहते ना?"

साक्षी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "अंकल, ये उड़ता नहीं है. जितनी गाड़ी चलती है, उतना धुएँ में खर्च होता है. पानी और दवाई, दोनों. खाली पानी से धुआँ साफ नहीं होता, तो गाड़ी खुद स्टार्ट होना बंद कर देती है." टाकी काढावी लागेल, पंप बदलावा लागेल, दहा-बारा दिवस जातील, असं ती म्हणाली. गाडीच्या कागदांवर सुशीलचा नंबर होता, त्यामुळे त्याला मेसेज आधीच गेला होता.

संध्याकाळी सुशीलचा फोन आला. तो रागावला नाही, हेच तर वाईट. "बाबा, टेंशन मत लो," म्हणाला. "होतं असं. आता तुमी आराम करा. मी महिन्याची टॅक्सी लावून दिली, अनिमेष नाम है, अच्छा लड़का है. गाडी रिपेअर झाली की विकून टाकू. या वयात तुमी कायले चालवता?"

दिवाकररावांना सांगायचं होतं, अरे, हे एवढंच तर होतं माझ्याजवळ. शेडमध्ये साहेबाशी भांडणारा माणूस. पण आता कुठल्या तोंडानं बोलणार? "हव," म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी सात वाजता टॅक्सी दारात हजर. अनिमेष पंचविशीतला, नम्र, गाडी अगदी हळू चालवणारा. दिवाकरराव मागच्या सीटवर बायकोशेजारी बसले. प्रत्येक स्पीडब्रेकरला त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, आणि त्याखाली नुसती चटई.

"वनमाला," ते हळूच म्हणाले, "लाल दिवा लागला होता. महिनाभर. मी सांगतलं नाई तुले."

"मले दिसत होतं."

"दिसत होतं?"

"आकडा रोज पाहून राहिली होती मी. शुक्रवारी संपन, हेबी माहीत होतं."

"मंग काहून नाई बोलली?"

"बोलली असती तं सुशीलनं त्याच दिवशी गाडी नेली असती," त्या म्हणाल्या. "माह्या दुखण्यापायी तुमचं सगळंच गेलं. म्हटलं, अजून महिनाभर तरी चालवू द्या."

क्लिनिक आलं. दिवाकरराव घाईघाईनं आपल्या बाजूनं उतरले आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. पण अनिमेषनं तोवर दार उघडलं होतं. "आराम से, आंटी," तो म्हणाला. वनमालाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मशीनची वेळ होत आली होती. त्या अनिमेषच्याच आधारानं पायऱ्या चढून आत गेल्या.