शुक्रवारी चित्र थांबायचं

मला सगळे संशयी म्हणतात. म्हणू देत. आमच्या केंदूरला आईनं मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, दूधवाल्यावर भरवसा ठेव, पण दूध फडक्यातून गाळून घे. ते मी आजपर्यंत पाळलंय.

माझं सासर दौंड तालुक्यात, पाटसच्या अलीकडे, हायवेपासून आत वस्तीवर. पोरगी रांगायला लागली तेव्हा आमचे हे कुवेतला क्रेन चालवायला गेले. जायच्या आधी घरात कॉम्प्युटर बसवला, वर कॅमेरा, शेजारी इंटरनेटचा मोडेम. करार दोन वर्षांचा होता. मागे राहिलो मी, पोरगी आणि सासरे. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

ह्यांना तिकडे शुक्रवारी सुट्टी, आणि आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी लाइट असायची, म्हणून कॉलची वेळ तीच ठरली. मी पाटसच्या शाळेत शिकवून यायचे, पोरीला वेणी घालायचे, स्वतः पावडर लावायचे आणि कॅमेऱ्यासमोर बसायचे. साधा फोन होता, पण फोनवर माणूस काहीही थापा मारतो. तोंड दिसलं की मला कळतं. आणि त्या वर्षी मला त्यांचं तोंड बघायचंच होतं, कारण करार संपत आला होता आणि कंपनी पुन्हा सही मागत होती. सही करणार की घरी येणार, एवढंच मला हवं होतं. पोरगी वस्तीवर येणाऱ्या दूधगाडीच्या ड्रायव्हरला बाबा म्हणायला लागली होती. मला ते ऐकवत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबायला लागलं. मी विचारायचे, "मग काय ठरवलं?" की ह्यांचं तोंड अर्धवट उघडं तसंच राहायचं. एक डोळा मिटलेला, एक उघडा. आवाज घागरीतून आल्यासारखा यायचा, मग तोही बंद. पोरगी पडद्यावर चापट्या मारायची. परत जोडेपर्यंत तिकडे त्यांची नेट कॅफेतली वेळ संपायची, आणि माझा शुक्रवार वाया.

पहिला संशय फोन ऑफिसवर. सरकारी खातं, दुसरं कुणाचं नाव घेणार? तक्रारीवर तक्रार केल्यावर दौंडहून लाइनमन आला. त्यानं खांबावर चढून जोड तपासला, आपलं यंत्र लावून ऐकलं, मोडेमचे दिवे बघितले आणि म्हणाला, लाइन ओके आहे, घरातच काहीतरी असणार. मला रागच आला. घरात काय असणार? एक म्हातारा माणूस आणि एक पोर. मी त्याला मुद्दाम चहाला बसवला, म्हटलं बोलता बोलता खरं सांगेल. चहा पिऊन तो निघून गेला. जाताना सांगून गेला तेवढं सगळं मी केलं. मोडेम बंद करून चालू केला, वायर बदलून आणली, स्वयंपाकघरातला जोडफोन काढून टाकला. काडीचा फरक पडला नाही.

दुसरा संशय शेजारी. शेजारी म्हणजे आमची भावकीच, ह्यांचा चुलतभाऊ. कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. त्याच्या घरची तार आणि आमच्या घरची तार एकाच खांबावरून फुटायची. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत भांडण झालेलं, तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघणं बंद. मामा तर म्हणायचे, त्याच्या सावलीला उभा राहणार नाही. आता ज्यांच्याकडे पाटाचं पाणी येतं त्यांना चोरी कशी करतात ते सांगावं लागत नाही. वरच्या अंगाला बसायचं, पाट हळूच फोडायचा, खालच्याच्या पिकाला पाणी पोचतच नाही. नेटचं दुसरं काय असणार? मी खांबाखाली जाऊन मान मोडेपर्यंत वर बघितलं. कुठे नवीन तार दिसेना.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी मामांना म्हटलं की हे भावजींचंच काम आहे, दुसऱ्या कुणाची टाप नाही. मला वाटलं, मामा आता काठी घेऊन उठतील. एरवी पुतण्याचं नाव निघालं की सात पिढ्या बाहेर काढणारा माणूस. पण मामा पुढ्यातली भाकरी चुरत राहिले आणि म्हणाले, "नसंल तसं, पोरी."

नसंल तसं? मी तव्यावरची भाकरी करपवली. मामा पुतण्याची बाजू घेतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मोरीत दोन कप विसळून पालथे घातलेले. पोरगी दिवसभर तिच्या आत्याच्या वस्तीवर, घरात एकटे मामा, आणि जन्मात कधी कप न विसळलेले. मी विचारलं कोण आलं होतं. म्हणाले, कुणी न्हाई, मलाच दोनदा तलफ आली. दोनदा तलफ आली तर कप दोन कशाला लागतात, हे मी तोंडावर विचारलं नाही. मनात गाठ मारून ठेवलं.

ह्या सगळ्यात केंदूरहून आईचा फोन आला. मी तिला रडगाणं सांगितलं. ती म्हणाली, "चित्र थांबतं का थांबवत्यात, ते बघ आधी."

झालं. घर पोखरायला घूस एकच पुरते. एवढे दिवस मी तारेवर, खांबावर, भावकीवर डोळे लावून बसले होते, आणि तिकडच्या टोकाला कोण बसलंय हे डोक्यातच आलं नव्हतं. मी "काय ठरवलं" विचारते तेव्हाच चित्र कसं थांबतं? उसाची तोड कधी, म्हैस किती दूध देते, असल्या बोलण्यात का नाही थांबत? खरं सांगायचं तर म्हशीच्या बोलण्यातही थांबायचं, पण तेव्हाचं माझ्या लक्षात राहायचं नाही. वर्गात फळ्यावर गणित घालताना मला त्यांचा वायरीकडे जाणारा हात दिसायचा. तिकडे कुणी बाई ठेवली असेल का, इथपर्यंत मी जाऊन आले. जीव नुसता कातावला होता. आणि विचारणार तरी कुठे? विचारायची जागा एकच, आणि तीच बंद पडायची.

मग एक दिवस शाळा अचानक मधेच सुटली. मी भर दुपारी वस्तीवर आले. मागच्या दाराशी ओळखीच्या चपला. कारखान्याच्या धुळीनं भरलेल्या, भावजींच्या. आणि आतून ढोल ऐकू येत होता. गजी ढोल, आणि त्यावर उंच आवाजात धनगरी ओव्या.

मी दारातच थांबले. कॉम्प्युटरसमोर खुर्चीत भावजी, आणि शेजारी पोत्यावर मामा, मांडीवर ठेका धरून, डोळे मिटून. ज्याच्या सावलीला उभं राहायचं नाही, त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. तो आवाज मामांच्या थोरल्या भावाचा होता, भावजींच्या वडिलांचा, वारलेल्या माणसाचा. मागाहून कळलं, कुणीतरी जत्रेत भरलेली कॅसेट भावजींकडे राहिली होती. त्यांनी ती कारखान्यातल्या कुणाकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि चोरून काकाला ऐकवायला आणली. मग त्या नादात आणखी ओव्या शोधायला म्हणून गाणी उतरवायचं एक सॉफ्टवेअर घातलं. माझी शाळा भरली की ह्या दोघांची शाळा भरायची, आणि गावाला दाखवायला भांडण चालूच.

माझं अर्धं चित्त त्या आवाजात होतं, अर्धं पडद्यावर. तिथे गाण्यांच्या नावांची रांग होती आणि तिच्यासमोर हिरव्या रेघा सरकत होत्या. काहीच उतरवून घेणं चाललेलं नसताना. मोडेमचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. मी विचारलं हे काय सरकतंय.

भावजी उठून उभे राहिले, खाली बघत म्हणाले, "ते आपल्याकडचं लोक नेत्यात, वहिनी."

कोण लोक, विचारलं तर म्हणे कोण म्हणून सांगणार, ज्यांना पाहिजे ते, कुठलेही. आपण लोकांचं घेतो, लोक आपलं घेतात, असं ते सॉफ्टवेअर. आणि कॉम्प्युटर चालू झाला की ते आपोआप चालू होतं, कोपऱ्यात घड्याळाशेजारी दडून बसतं. म्हणजे शुक्रवारी मी पावडर लावून बसायचे तेव्हासुद्धा आमच्या घरातून बाहेर जाणारा रस्ता ओव्यांनी भरलेला असायचा, आणि माझं तोंड, माझा आवाज त्या गर्दीत मागे रखडायचा, आणि त्यापायी तिकडून येणारं चित्रही अडायचं. लाइनमन बिचारा खरं बोलून गेला होता. पाट वरच्या अंगाला फुटला नव्हता. आमच्याच वाफ्याचा बांध आतून फोडून ठेवला होता.

मी भावजींवर घसरले. ते म्हणाले, काम झालं की बंद करायचं मी काकांना पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मामांनी मान हलवली. दाखवलं होतं, त्यांनाही येत होतं. पण त्यांनी बंद केलं नव्हतं. उलट मी सकाळी शाळेत गेले की कॉम्प्युटर चालू करून वर मीच विणलेला रुमाल टाकून ठेवायचे, आल्यागेल्याला पडदा दिसू नये म्हणून. मी कपाळाला हात लावला. का, म्हणून ओरडले.

मामा शांतपणे म्हणाले, "मेंढरं व्हती तवा कातरणीला आमी सावड करायचो. आज ह्याची कातरायची, उद्या त्याची. आपली कातरून घेऊन जो पळतो, त्याच्या वाड्याव पुना कुनी येत न्हाई. लोकांचं घेतलंय, मग दार कसं लावू?"

आता ह्याला काय बोलायचं? जगात त्या सॉफ्टवेअरवर गाणी घेऊन पळणारे पायलीचे पन्नास असतील. आमचा म्हातारा तेवढा सावड फेडत बसला होता, कुणाकुणाची ते त्यालाही माहीत नव्हतं. माझा राग गेला नाही, पण बसायला जागा मिळेना त्याला. मी मामांना सांगितलं, तुमच्या सावडीपायी तुमचा लेक मला दिसत नाही. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. भावजींनी मुकाट्यानं ते बंद केलं, कॉम्प्युटरबरोबर आपोआप चालू होणार नाही असंही करून दिलं. हिरव्या रेघा गेल्या. मोडेमचा दिवा थकल्यासारखा अधूनमधून डोळा मिटायला लागला. मी त्या दोघांना चहा दिला, पण कप मी विसळले नाहीत.

शुक्रवारी मी लवकरच बसले. पोरगी मांडीवर. चित्र आलं, आणि इतकं स्वच्छ आलं की त्यांच्या कानाशेजारचे पांढरे केस दिसले. ते मला माहीतच नव्हते. मी सगळं सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात तेच बोलले.

"आज वायर न्हाई काढलीस व्हय?"

मला आधी कळेचना. मग ते हळूहळू बोलत गेले. दर वेळी ते विचारायचे, रागावलीस का माझ्यावर, आणि तेवढ्यात माझं तोंड पडद्यावर थांबायचं. मग खोलीवर जाऊन तासभर ते विचार करायचे की ही मला बघायला नको म्हणून वायर ओढते. मित्रांनीही तेच सांगितलं म्हणे, मागे राहिलेल्या बायका अशाच करतात. माझ्या आईला केंदूरात जे सुचलं होतं, तेच कुवेतमध्ये ह्यांच्या मित्रांपैकी कुणाला तरी सुचलं होतं.

मी खूप हसले. रडले पण. ओव्यांचं सांगितलं, सावडीचं सांगितलं, भावजींचं सांगितलं. तेही हसले, आणि मोठ्या काकांचा आवाज एकदा मलाही ऐकव म्हणाले. पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मला इतकं हलकं वाटलं, जणू छातीवरचा धोंडा कुणी उचलला.

मग मी विचारलं, "मग, काय ठरवलं?"

चित्र थांबलं नाही. मागे कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाजसुद्धा नीट आला. भिंतीवरचा पंखा फिरताना दिसत होता. ह्यांचे डोळे मात्र खाली गेले.

"बघू," म्हणाले. एकही अक्षर तुटलं नाही.