एक मैदान, दोन रेघा

जायचं होतं नागझिऱ्याला. रविवारच्या सगळ्या जिप्स्या फुल आहेत हे शुक्रवारी दुपारी कळलं, आणि तोवर मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो होतो की जंगलात चाललोय, फोन लागणार नाही. आता घरी बसणं बरं दिसलं नसतं. गोंदियाला, म्हणजे फुलचूरला, माझा कॉलेजचा दोस्त रूपेश राहतो. तो म्हणाला, "अबे तू ये तो सही. वाघ नाही दिसन, पन भांडन पक्कं दिसन."

भांडण कशाचं, तर फुटबॉलच्या मैदानाचं. म्हटलं चला, जिप्सीचे पैसे वाचले.

शनिवारी सकाळी नागपूरहून जनरल डब्यात बसलो. दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. भंडारा रोड मागं पडलं की खिडकीतून तलाव सुरू होतात. मी मोजायला लागलो आणि सातव्या तलावाला कंटाळून झोपलो. गोंदिया स्टेशनबाहेर चना-तर्री पोहे खा, पण तर्री वरून घ्यायची की बाजूला हे आधीच सांगा. मी सांगितलं नाही. डोळ्यांतलं पाणी थांबेपर्यंत रूपेशची बाइक आली होती.

दवनीवाड्यापर्यंत रस्ता चांगला आहे. पुढं तो चांगला होता असं लोक सांगतात. तिथून आत दोन गावं लागतात. त्यांची नावं मी लिहीत नाही, कारण दोन्ही गावांनी मला परत बोलावलंय आणि मला दोन्हीकडं जेवायचंय. एकाला वरचं गाव म्हणू, दुसऱ्याला खालचं. वरच्या गावाशेजारी जुना तलाव आहे, तिथलं पाणी कालव्यानं आधी वरच्या गावाच्या बांध्यांत जातं आणि मग खालच्या. बांधी म्हणजे इकडं धानाचं शेत. तलावाच्या पाळीखाली सपाट जागा आहे, तेच मैदान. माती टाकून बांधलेली ती उंच पाळ म्हणजे आयती गॅलरी. मोहाच्या झाडांची सावली, ऊन पाठीमागं. समोरच्या बाजूला बसलं तर ऊन थेट डोळ्यांत.

तर झालं असं. खालच्या गावाचं स्वतःचं मैदान होतं. यंदा तिथं सरकारी खरेदीतली धानाची पोती येऊन पडली. महिनाभरात उचलू असं कुणीतरी म्हणालं होतं. आता ताडपत्रीखाली पोत्यांचा एवढा डोंगर झालाय की पोरं त्यावर चढून मोबाइलची रेंज धरतात. म्हणून ठरलं, एक रविवार वरच्यांचा, एक रविवार खालच्यांचा. मैदान एक, क्लब दोन.

वरच्या गावातल्या टपरीवर चहा घेत मी विचारलं, एवढं काय बिघडलं? मैदान तर रिकामंच असतं.

"रिकामं असते तं का झालं जी?" एक काका म्हणाले. "आपलं घर बी दुपारी रिकामं रायते. कोनी येऊन झोपन का?"

"त्यायच्या बुटानं गवत मरून रायलं," दुसरा म्हणाला.

"आनि तुमच्या बुटानं?" रूपेशनं विचारलं.

"आमचं गवत आमाले ओरखते."

गवत माणसं ओळखतं ही माहिती नवी होती. मी वहीत लिहून घेतली.

खालच्या गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ते चालवणारा लालू त्यांच्या क्लबचा कॅप्टन. माझ्या फोनची काच बदलता बदलता तो म्हणाला, "भाऊ, तलाव दोन गावाचा, पाळ दोन गावाची, पानी दोन गावाचं. मंग पाळीखालचं मैदानच एका गावाचं कायले?" मुद्दा बिनतोड होता. मग मी विचारलं, तुमचं मैदान मोकळं झालं की वरच्यांना खेळू द्याल?

लालूनं काच फडक्यानं पुसायला घेतली. "ते मंग पाहू," म्हणाला.

आता शामरावजी. वय साठीच्या पुढं, वरच्या गावचे, आणि तलावाचे पाणकर. पाणकर म्हणजे कुणाच्या बांधीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे बघणारा माणूस. त्यांच्याकडं गाठी मारलेला एक जुना दोर आहे. त्यानं बांध्या मोजायच्या, त्यावरून पाण्याची बारी ठरवायची. थंडीत, उन्हाळी धानासाठी पाणी सुटेपर्यंत, कालवा बंद असतो, तेव्हा शामरावजी त्याच दोरानं फुटबॉलचं मैदान आखतात. चुना महाग, म्हणून राइस मिलमधली कोंड्याची राख आणून तिच्या करड्या रेघा मारतात. वीस वर्षं झाली, एक मॅच चुकवली नाही.

मुक्काम त्यांच्याच घरी केला. भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. पैसे विचारले तर त्यांनी असं बघितलं की मी आणखी भात घेतला.

"मी त्यायले सांगून देल्लं," जेवताना शामरावजी म्हणाले. "खेळा, बापा. पन तुमच्या रविवारी मी रेघ मारनार नाही. मैदान देल्लं, हात नाही देल्ला."

मग खालच्यांनी स्वतःच रेघा मारल्या होत्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून, पावलं मोजून, पांढऱ्या चुन्यानं, भरपूर. तो चुना काही पुसला जाईना. त्यामुळं रविवारी दुपारी मैदानात प्रत्येक गोलसमोर दोन पेनल्टी बॉक्स होते. चुन्याचा आत, लहान. राखेचा दीड-दोन पावलं बाहेर, मोठा.

आणि त्या रविवारी आसपासच्या गावांच्या स्पर्धेची सेमीफायनल. वरचं गाव विरुद्ध खालचं गाव. दोघंही यजमान, त्यामुळं स्वागताचा नारळ फोडायला दोघांचेही अध्यक्ष आले, दोन नारळ फुटले. तिरोड्याहून आलेल्या रेफ्रींनी रेघा बघितल्या आणि दोन्ही कॅप्टनना विचारलं, "कोणती धरू?"

"आमची," दोघंही म्हणाले.

रेफ्री अनुभवी माणूस. म्हणाले, "वेळ आली तर पाहू." आणि शिट्टी वाजवली.

पाळीवर वरचे बसले होते. खालचे समोर, डोळ्यांवर हात धरून. बायका-पोरं, भज्यांची गाडी, एक बेसुरा पिपाणीवाला. मॅच शून्य-शून्य, आणि खरं सांगायचं तर तेवढ्याच लायकीची. शेवटची पाच-सात मिनिटं उरली असतील. लालू बॉल घेऊन आत घुसला आणि वरच्यांच्या बॅकनं त्याला असा आडवा केला की धूळ आमच्यापर्यंत आली. शिट्टी वाजली. धूळ बसली. लालू पडला होता नेमका दोन रेघांच्या मधे.

राखेच्या रेघेनं पेनल्टी. चुन्याच्या रेघेनं साधी फ्री किक.

मग समोरून, उन्हातून, खालचं अख्खं गाव ओरडलं, "राखेची रेघ खरी! शामरावजीची रेघ खरी!"

आणि पाळीवरून टपरीवाले काका, ज्यांचं गवत माणसं ओळखतं, ते उभे राहिले. "चुन्याची धरा! चुना कसा सफा दिसून रायला!"

महिनाभर ज्या रेघेला शिव्या घातल्या ती आता प्रत्येकाला प्राणापलीकडं प्यारी. मी एवढं प्रामाणिक पक्षांतर आयुष्यात बघितलं नाही.

रेफ्री पाळीकडं आले. "शामरावजी, मोजा."

शामरावजी उठले नाहीत. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दोराले ढील द्या जी थोडीशी. कोनाले समजते?" आणखी एक आवाज, "वीस वर्षानं पहिल्यांदा फायनल दिसून रायली, शामराव." मी त्यांच्या शेजारीच होतो. मांडीवर दोर होता, आणि ते त्याच्या गाठी एकेक करून चाचपत होते, जशा काही आजच कुणी मारल्या असाव्यात.

मग ते खाली उतरले. दोराचं एक टोक गोलच्या रेघेवर स्वतःच्या टाचेखाली दाबलं, दुसरं रेफ्रींच्या हातात दिलं. ताणला. गाठ आली ती राखेवर.

"पेनल्टी आहे," शामरावजी म्हणाले.

पाळीवर गोंधळ. काका ओरडले, "शामराव! तू कोन्या गावचा होस गा?"

"आज तुमच्याच गावचा आहो," शामरावजी दोर गुंडाळत म्हणाले. "उद्या पानी सोडाचं आहे. आज हा दोर खोटा बोलला, तं उद्या त्याचं कोन ऐकन?"

लालूनं पेनल्टी मारली. गोल. वरचं गाव बाहेर.

त्या संध्याकाळी शामरावजींच्या घरी कुणी आलं नाही. एरवी मॅचनंतर तिथं चहा होतो म्हणे. त्यांच्या बायकोनं सवयीनं मोठं पातेलं ठेवलं होतं. रूपेश, शामरावजी आणि मी दोन-दोन कप प्यायलो, तरी उरला. शामरावजी एवढंच म्हणाले, "आमच्यात रीत आहे. पानकराच्या बांधीले पानी शेवटी. म्हनून बाकीचे गुमान घेतात."

सोमवारी सकाळी निघताना मैदानावर थांबलो. कालव्यात पाणी सुटलं होतं. लालूच्या क्लबची दोन पोरं खराट्यानं चुना खरवडत होती. शामरावजी दोराचं एक टोक टाचेखाली दाबून गोलजवळ उभे होते, दुसरं लालूच्या हातात होतं.

"ताण गा नीट," ते लालूवर खेकसले. "पाहुन्यासारखा कायले धरून रायला?"

टपरीवर काकांनी नवीन मत सांगितलं. मैदान दिलं तर दिलं, पण खालच्यांना पाळीवर बसू देणार नाही. सावली त्यांना ओळखत नसावी.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. टोपी न्या, कोणत्या बाजूला बसावं लागेल सांगता येत नाही.

नागपूरला आलो. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे माझ्या आणि शेजारच्यांच्या गाडीमधली पिवळी रेघ पुसट झाली आहे. आठ महिने मी सांगतोय की ती त्यांनी सरकवली. परवा टेप आणून नकाशाप्रमाणं मोजलं. माझ्या गाडीखालची वीतभर जागा त्यांची निघाली.

गाडी अजून तिथंच आहे. पण शेजारी जिन्यात भेटले की आता मीच आधी खाली बघतो.