नारळ फुटताना

सामन्याआधी आमच्या पेठेचा फुटबॉल संघ गोलखांबापाशी नारळ फोडतो. तो मान प्रशिक्षकाचा. आज नवे सर फोडत होते. जुन्या सरांबद्दल "हे सर असतील तर मी खेळणार नाही," असं आमचा लाडका स्ट्रायकर म्हणाला होता आणि मंडळानं त्यांना घरी बसवलं. ते आज गॅलरीत माझ्या शेजारी होते.

"सर, आज इकडं?"

"हितनं मैदान चांगलं दिसतंय."

नारळ फुटला तेव्हा अख्ख्या गॅलरीत त्यांनी एकट्यानंच चपला काढल्या. काम सुटल्यावरही शरीर काही दिवस कामावर जातच असावं.

मग त्याच स्ट्रायकरनं गोल मारला आणि सवयीनं मैदानाच्या कडेला जुने सर उभे राहायचे त्या जागेकडं वळून पाहिलं. इथं गॅलरीत सरांचा हात आपसूक वर गेला. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी तो केसांवरून फिरवला.