कल्हई केलेला पंखा

शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आमचं गाव होतं. साठचं दशक नुकतंच लागलं होतं, तेव्हा माझ्या काकांनी केळीच्या मळ्यातल्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन उचलून नावेत बसवलं. नावेच्या मागे पाण्यात फिरणारा पितळी पंखा त्यांनी सुरतेच्या भंगारबाजारातून आणला. गावाने त्या नावेला मोटार म्हणावं, असा त्यांचा आग्रह होता, आणि गाव म्हणत असे.

त्याच साली त्यांच्या मुलीचं लग्न पलीकडच्या काठावरच्या घरात ठरलं. वऱ्हाड बैलगाड्यांनी, लांबच्या उतारावरून नदी ओलांडून येणार होतं. काकांनी ते मोडून काढलं. वऱ्हाड मोटारीतून येईल आणि गोरज मुहूर्ताच्या आधी मांडवात असेल, असा त्यांनी शब्द दिला. व्याह्यांनी गाड्या सांगितल्याच नाहीत.

लग्न तोंडावर आलं असताना नदीचं पाणी उतरलं आणि पंखा खडकावर आपटला. तीन पात्यांपैकी एक दुमडलं. गावच्या लोहाराने पितळेला हात लावायला नकार दिला, म्हणून मी पंखा पोत्यात घालून शहाद्याच्या एका तांबटाकडे नेला.

हे तांबट हंडे आणि पराती घडवीत. त्यांच्या हातचं भांडं कुठल्याही ओट्यावर डुगडुगत नाही, असा लौकिक होता. त्यांनी दुमडलेलं पातं भट्टीत तापवलं, लाकडी मोगरीने उलगडलं आणि सवयीप्रमाणे पंखा सपाट दगडावर ठेवून पाहिला. तो डुगडुगला. उरलेली दोन पाती तिरपी होती. पाणी मागे लोटता यावं म्हणून ती मुळातच तशी घडवलेली असतात; पण तांबटांना तोही खडकाचाच मार वाटला. त्या दुकानात कोणालाच वेगळं वाटलं नाही. त्यांनी तिन्ही पाती ठोकून एका पातळीत आणली.

"दखा, आते डुगडुगस का?" त्यांनी विचारलं.

डुगडुगत नव्हता. लग्नघरचं काम म्हणून त्यांनी वर कल्हईही करून दिली.

लग्नाच्या दिवशी दुपारी पंखा बसवला. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. इंजिन धडधडलं, पंखा गरगर फिरला, नावेमागे पाणी फेसाळलं आणि नाव जागेवरच राहिली. काकांनी आधी तेलाला दोष दिला, मग दोर सोडायचा राहिला का ते पाहिलं. दोर सुटलेला होता. पलीकडे फेटे बांधलेलं वऱ्हाड उभं होतं आणि ऊन कलत चाललं होतं.

शेवटी त्यांनी दोघा नावाड्यांना बोलावलं. मोटार आल्यापासून हे दोघे रिकामे होते. वल्ही मारली तर पलीकडून दिसणार होती. पाणी छातीइतकंच होतं. तेव्हा दोघांनी पाण्यातून चालत नाव मागून ढकलावी, असं ठरलं. पंख्याचा पट्टा उतरवला, इंजिन आवाजापुरतं चालू ठेवलं आणि मागच्या बाजूला आडोशाला जाजम सोडलं.

"दादा, भोंगा बी आम्हीच वाजाडूत का?" थोरल्या नावाड्याने विचारलं.

वऱ्हाड चढलं. परतीच्या वाटेवर, नदीच्या मधोमध, व्याह्यांना पान थुंकायचं होतं. त्यांनी जाजमाचा कोपरा उचलला. खाली दोन डोकी होती. थोरल्या नावाड्याने रीतीप्रमाणे रामराम केला. व्याह्यांनीही रामराम केला, पान गिळलं आणि ते काकांकडे वळले.

"मोटार चांगली शे, याहीबुवा. रामराम बी करस."

वऱ्हाडात खसखस पिकली. काकांनी इंजिन बंद केलं. नावेचा वेग होता तेवढाच राहिला. मग व्याह्यांनीच दोघांना वर घ्यायला लावलं, तळाशी दडवलेली वल्ही त्यांच्या हाती दिली, आणि नाव त्या दिवशी पहिल्यांदा झपाट्याने निघाली.

मुहूर्त गाठला. नावाडी कुडकुडत होते, म्हणून काकांनी वरपक्षाच्या मानपानासाठी काढलेली दोन कोरी धोतरं त्यांना दिली. अंतरपाट धरला तेव्हा ती नेसून दोघे वरपक्षात उभे होते. अक्षता टाकताना काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. व्याह्यांनी मात्र दोघांना आपल्या शेजारी ओढून घेतलं.